नावाला ओ

१

जावा बेटावरच्या बोगोरमध्ये, वाळवलेल्या झाडांच्या आमच्या जुन्या संग्रहालयात, म्हणजे हर्बेरियममध्ये, माझा दिवस किल्लीने सुरू व्हायचा. साडेसातला कपाटांची खोली उघडायची, दिवे लावायचे, हवा कोरडी करणारं यंत्र सुरू करायचं आणि डांबरगोळ्यांच्या वासाला नाक सरावेपर्यंत दारातच उभं राहायचं. लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना हिरवी लोखंडी कपाटं, एकशे बारा. कपाटांत जाड कागदांवर टाके घालून बसवलेल्या वाळक्या फांद्या, काही तर दीडशे वर्षांपूर्वीच्या. त्यातला दिवसाचा कागद काढायचा, टेबलावर ठेवायचा आणि त्यावरचं नाव एकदा मोठ्याने वाचायचं. ही माझी शिकत होते तेव्हापासूनची खोड. नाव तोंडातून गेल्याशिवाय झाड डोळ्यांत शिरत नाही, असं मला वाटे.

ज्या नावाची ही गोष्ट आहे ते मात्र मी इथे लिहिणार नाही. दोन लॅटिन शब्द आहेत, एका झुडपाचे. तेवढं सांभाळून घ्या.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये बू लिलिस, म्हणजे आमच्या प्रमुख बाई, दोन कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. दीडशे वर्षांपूर्वी एका डच डॉक्टरने या झुडपाचं वर्णन पुस्तकात छापलं होतं. पण वर्णन करताना त्याच्यासमोर नेमकी कुठली फांदी होती, ते त्याने लिहून ठेवलं नव्हतं. आमच्या शास्त्रात नाव हे शेवटी एका फांदीचं असतं. त्या फांदीशी जी झाडं जुळतील, त्यांनीच ते नाव लावायचं. डॉक्टरच्या मागे राहिले होते हे दोन कागद. एक पासिर लांगकापच्या डोंगरावरचा: पानांखाली सोनेरी लव, पण फूल नाही. दुसरा खालच्या नदीकाठचा: फुलं आहेत, पण पानं गुळगुळीत. पुस्तकात मात्र दोन्ही होतं, सोनेरी लवही आणि घशात केस असलेलं फूलही. आणि एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं की ही दोन वेगळी झुडपं आहेत.

नाव संरक्षित झाडांच्या यादीत होतं. पासिर लांगकापवर दगडाची खाण यायची होती. खाणवाल्यांचा वकील म्हणत होता, यादीतलं नाव नदीकाठच्या झुडपाचं, ते तर गटाराच्या कडेलाही उगवतं. डोंगरावरच्याला नावच नाही, मग संरक्षण कुणाला? नोव्हेंबरात सुनावणी होती.

"एका वाळक्या काटकीवर अख्खा डोंगर टांगलाय, ओनी," बू लिलिस म्हणाल्या. "आणि एक ध्यानात ठेव. आपल्याला डोंगर वाचवायचा नाहीये. खरं काय ते सांगायचंय."

"आणि खरं सांगून डोंगर गेला तर?"

"तर दोघी मिळून रडू. पण जेवणाच्या सुट्टीत. कामाच्या वेळात नाही."

२

पहिल्या दिवशी मी डोंगरावरचा कागद टेबलावर घेतला. दुसरा एकेचाळीस नंबरच्या कपाटात ठेवून दार लावलं. खुर्ची ओढली, भिंग पुसलं आणि नाव वाचलं.

एकेचाळीस नंबरच्या कपाटात काहीतरी सळसळलं.

फार मोठा आवाज नव्हता. चटईवर झोपलेलं माणूस कूस बदलतं, तेवढाच. मी उठून दार उघडलं. कागद होते तसेच होते. उंदीर म्हणावा तर लेंडी नाही, कागद कुरतडलेला नाही. म्हटलं, यंत्राचा वारा असेल. यंत्र बंद केलं. खोली इतकी शांत झाली की बाहेर बागेत कुणीतरी पाचोळा झाडत होतं त्या खराट्याचे फटके मोजता येत होते. मी पुन्हा नाव वाचलं. पुन्हा सळसळ.

मी शास्त्र शिकलेली बाई. शेजारच्या कपाटातून पाच दुसरे कागद काढले आणि पाच दुसरी नावं वाचली. काही नाही. मग हे वाचलं. सळसळ.

आपण मोठ्याने हसलो, हे मला हसून झाल्यावर कळलं.

३

फांद्या कागदावर शिवण्याचं काम पाक एंगकोस, म्हणजे एंगकोसकाका, करत. अडतीस वर्षं एकाच खिडकीशी बसून. त्यांच्या हाताखालून गेलेली फांदी कागदावर अशी बसायची, जणू तिथेच उगवली आहे. मला ते नेंग म्हणत. आमच्याकडे मोठी माणसं लेकीबाळींना तशीच हाक मारतात.

"पाक, एकेचाळीसमध्ये उंदीर आहे का हो?"

"इथे? इथलं खाऊन उंदीर जगेल होय? नुसतं विष आहे त्या कागदांत." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "का गं नेंग?"

मी सांगितलं. ते थट्टा करतील असं वाटलं होतं, आणि त्यांनी केलीही. "पानांशी गप्पा मारता मारता तुझं लग्न राहिलं. आता पानं उत्तर द्यायला लागली. बरं झालं, घरी कुणीतरी बोलायला होईल." पण सुई त्यांनी खाली ठेवली होती. म्हणाले, "माझा धाकटा लहानपणी सारखा आजारी पडायचा. आईने सांगितलं, नाव जड झालंय पोराला, पेलवत नाही. बदललं. आठवड्यात पोर खेळायला लागलं."

"मग?"

"मग काही नाही. ते जुनं नाव आम्ही घरात पुन्हा कधी घेतलं नाही. कुठेतरी असेलच की ते. नाव काय मरतं थोडंच." त्यांनी सुई पुन्हा उचलली. "तुझ्या त्या झुडपाच्या नावाला दीडशे वर्षं घर नाही नेंग. दोन दारांत उभं आहे. तू त्याला रोज हाक मारतेस."

बू लिलिसना मी अर्धंच सांगितलं, कानात आवाज येतात एवढंच. त्यांनी माझे हात हातात घेऊन बोटं थरथरतात का ते पाहिलं. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून फांद्या पाऱ्याच्या विषात बुडवत. ते विष कागदांतून अजून हवेत येतं.

"पारा चढलाय तुला," त्या म्हणाल्या. "खराखुरा. हातमोजे घाल, खिडक्या उघड, आणि शहाळं पी. आठवडाभर कपाटात डोकं घालू नकोस."

मी आठवडाभर घातलं नाही. पाऱ्याचंच असेल, असं मनाला पटवलं. पटलंही. आठव्या दिवशी हातमोजे घालून, खिडक्या उघडून मी दोन्ही कागद एकदम टेबलावर घेतले.

४

दुपारचे दोन वाजले असतील. रोजचा पाऊस येऊन गेला होता, पन्हाळीतून पाणी गळत होतं. डाव्या हाताखाली डोंगरावरची फांदी, उजव्या हाताखाली नदीकाठची. मी ठरवलं होतं, आज आवाज झाला तर तो हाताला कळेल. पाक एंगकोस दारात उभे होते. मीच बोलावलं होतं त्यांना. साक्षीदार हवा होता, की आधार, कोण जाणे.

मी नाव वाचलं.

दोन्ही फांद्या गप्प होत्या. हातांना काही कळलं नाही. एकेचाळीसमध्येही काही नाही. मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात एकेचाळीसच्या मागच्या भिंतीपलीकडून, मागच्या अडगळीच्या खोलीतून, ती सळसळ आली. यावेळी लांब आणि घाईघाईची. बोलावल्यावर कुणी उठून बसावं तशी.

मी पाक एंगकोसकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

"तुम्हीही ऐकलंत."

"मागच्या खोलीचं कुलूप मी स्वतः लावतो," ते म्हणाले.

५

मागच्या खोलीत कुणी हात न लावलेल्या गड्ड्या होत्या. गोळा केलेल्या, पण कधीच न शिवलेल्या; जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून सुतळीने बांधलेल्या. छतापर्यंत. एरवी त्यात एक फांदी शोधायला दोन वर्षं लागली असती. मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि नाव वाचलं. डावीकडून आलं. दोन पावलं गेले, पुन्हा वाचलं. खालून. वाकले. तिसऱ्यांदा मी नुसतं कुजबुजले आणि सुतळीला लावलेल्या माझ्या बोटांखाली गड्डी हलली.

आम्ही दोघांनी ती खिडकीपाशी आणली. वरची गाठ पाक एंगकोसनी सोडली. गड्डीत एकच फांदी होती, डच वर्तमानपत्राच्या घडीत, १८४६ सालच्या. पानं उलटवली तर खाली सोनेरी लव, कालची वाटावी इतकी ताजी. टोकाला तीन फुलं. एक पाण्यात भिजवून भिंगाखाली उघडलं. घशात केस होते.

सगळं होतं. चिठ्ठी डॉक्टरच्या हातची होती: नाव, पासिर लांगकाप, तारीख. गोळा करणाऱ्याच्या जागी त्याने एकच शब्द लिहिला होता, त्या काळचे साहेब आम्हा सगळ्यांना मिळून जो लावत तो. त्याचा अर्थ 'इथला माणूस'. त्याचं नाव नव्हतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोंगर वाचला होता, आणि खऱ्यानेच वाचला होता.

"नेंग," पाक एंगकोस म्हणाले, "हा वरचा कागद बघ."

फांदी वर्षानुवर्षं दाबून ठेवली की तिचा रस समोरच्या कागदात उतरतो आणि तपकिरी सावली उमटते. अशा सावल्या मी हजारो पाहिल्या आहेत. इथेही फांदीची सावली होती, पानन् पान स्पष्ट. आणि तिच्या देठाशी, देठ धरून, हात होता. चार बोटं, अंगठा, अंगठ्याचं नख वाढलेलं, फांदी खुडणाऱ्यांचं असतं तसं. मनगट. मनगटाच्या पुढे कागद संपला होता.

मी म्हटलं, "घामाचा हात लागला असेल कुणाचा."

"घामाचा हात क्षणभर लागतो," ते हळूच म्हणाले. "हे बघ."

त्यांनी सुईच्या टोकाने दाखवलं. जिथे बोटं होती, तिथे देठाची सावली तुटलेली होती. बोटांच्या पलीकडे ती पुन्हा सुरू होत होती. म्हणजे देठ आणि कागद यांच्यामध्ये, वजनाखाली, बोटं होती. रस उतरायला लागतात तितकी वर्षं होती. आणि आज घडी आम्ही उघडली तेव्हा आत नुसती फांदी होती.

६

"टाके मी घालणार नाही," दुसऱ्या दिवशी पाक एंगकोस म्हणाले. अडतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही कामाला नाही म्हटलं नव्हतं. "तुझ्यावर राग नाही नेंग. पण एकदा शिवलं की ते कायमचं. नाव त्याचं. तू नाव फांदीला देते आहेस की अजून कुणाला, ते मला कळत नाही. तुला कळतं?"

"शास्त्रात फक्त फांदी असते, पाक."

"मग तो हाताचा कागद जाळून टाक."

ते मला जमलं नाही. डॉक्टरच्या हातची तारीख त्याच्याही कोपऱ्यात होती. पुरावा होता तो. फांदी मीच शिवली. टाके वाकडे आले. हाताची सावली असलेला कागद त्याच पाकिटात मागे ठेवला. लेख लिहिला: दोन्ही जुने कागद बाजूला ठेवून हा तिसरा त्या नावाचा आधार मानावा. गोळा करणारा: अज्ञात. बू लिलिसनी लेख दोनदा वाचला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसाठी तळलेलं टोफू मागवलं. नोव्हेंबरात सुनावणी झाली. खाणीचा परवाना रद्द झाला.

छापलेला अंक हातात आला त्या सकाळी मी कपाटांची खोली उघडली, दिवे लावले आणि नाव वाचलं. काही हललं नाही. दहा वेळा वाचलं. ते गेलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्या खोलीत दाराकडे पाठ करून बसले.

७

फेब्रुवारीत डोंगरावरची झुडपं मोजायला आम्ही पाचजण गेलो. मी, वनखात्याची युयुन आणि तिची तीन माणसं. युयुन नवीन होती, हसरी, बुटांत चिखल गेला तरी गाणं म्हणणारी. सकाळचे दहा. धुकं ओसरलेलं. उतारावर ती झुडपं कमरेएवढी, दाट, आणि वाऱ्याने पानं उलटली की सगळा उतार सोनेरी व्हायचा. मी प्रथमच त्यांना जिवंत पाहत होते.

युयुनने फळीवरचा तक्ता सरळ केला. "चला, हजेरी घेऊ," ती म्हणाली आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात तिने तक्त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं.

"कुलान."

आमच्या भाषेत वडीलधाऱ्यांनी किंवा मालकाने हाक मारली की नम्रपणे हा शब्द म्हणतात. ओ. आलो जी. आवाज पुरुषाचा होता, तरुण नव्हे, म्हातारा नव्हे. ज्याला आयुष्यभर हाका मारल्या गेल्या आहेत आणि उशीर केलेला चालत नाही, अशा माणसाचा.

युयुन खळखळून हसली. "कोण रे तो आगाऊ?"

तिची तीन माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तिघेही आमच्या मागे, खालच्या वाटेवर होते. आवाज वरून आला होता.

"कुणीतरी लाकूड तोडायला आलं असेल," त्यांतला एकजण म्हणाला.

"हो, तेच," मी म्हटलं. "आपण खालून मोजत जाऊ. आणि युयुन, नाव वाचत बसू नकोस. वेळ जातो."

८

याला आता तीस वर्षं होऊन गेली. डोंगर जागेवर आहे. झुडपं वाढली आहेत. खालच्या गावच्या बायका सरपणाला त्या उतारावर जात नाहीत. का, ते विचारलं की पाय घसरतो म्हणतात. पाक एंगकोस निवृत्त झाले आणि शांतपणे, आपल्या माणसांत गेले. मी नोकरी पूर्ण केली. कुठलंही नाव मी पुन्हा मोठ्याने वाचलं नाही.

पण मोजणीच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एकटी वर गेले होते, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

रात्रभर मला एकच बोचत होतं. माझ्या लेखात मी लिहिलं होतं, गोळा करणारा: अज्ञात. त्या माणसाने डोंगर चढून ती फांदी खुडली होती. डॉक्टरचं नाव पुस्तकात राहिलं, झुडपाचं यादीत, लेखावर माझं. त्याचं कुठेच नाही. मला वाटलं, त्याला दुसऱ्याच्या हाकेला ओ द्यावी लागते, कारण त्याची स्वतःची हाक कुणाला माहीत नाही. आईने ठेवलेलं त्याचं नाव कळलं तर मी ते लिहीन. मग तो मोकळा होईल. असं मला खरंच वाटलं.

दुपारी बाराचं ऊन होतं. उताराच्या पायथ्याशी मी चपला काढल्या आणि "पुन्तेन" म्हटलं, दुसऱ्याच्या घरात शिरताना म्हणतात तसं. झुडपं कमरेला घासत होती. वारा पडला होता. मधोमध थांबले.

तू म्हणावं की तुम्ही, हे मला सुचेना. दीडशे वर्षांनी मोठा होता तो.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

काही नाही. पायाखाली पाणी झिरपत होतं तेवढंच ऐकू येत होतं. मग दहाएक हातांवर एका झुडपाचा देठ वाकला, कुणी खुडायला धरावा तसा. त्याच्या मागे काहीतरी उभं होतं. तपकिरी. माणसाएवढं. माझा प्रश्न ऐकून ते माझ्याकडे वळलं आणि वळता वळता बारीक होत गेलं, कागद आडवा धरल्यावर त्याची कड दिसते तेवढं, आणि मग तेवढंही राहिलं नाही. देठ मात्र वाकलेलाच होता.

"तुमच्या आईने ठेवलेलं," मी म्हणाले. "घरचं नाव. सांगा. मी लिहून घेईन."

बराच वेळ गेला. कुणीतरी आठवायचा प्रयत्न करत होतं, हे मला कळत होतं; कसं कळत होतं ते सांगता येणार नाही. मग त्याने सांगितलं. दोन शब्द, लॅटिन. पहिल्या शब्दानंतर किंचित थांबून, दुसऱ्याच्या शेवटच्या अक्षरावर जरासं रेंगाळून. तसा उच्चार कुठल्या पुस्तकात नाही, कुणी कधी शिकवत नाही.

तसं फक्त मी म्हणायचे.